मूल कुठे अडते?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. शिक्षकाचे स्मरण करायचे तर शिकण्याविषयी मन लावून बोलावे, असे मला वाटते. म्हणून मी आज हा विषय निवडला आहे: घरी शिकवताना मुलांच्या शिकण्याच्या निरनिराळ्या रीती कशा समजून घ्याव्यात.

नांदेड-लातूरमध्ये हा विषय मांडायला खास कारण आहे. बारावी आणि वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांसाठी अख्खा मराठवाडा आपली मुले या दोन शहरांत पाठवतो. लातूरच्या एका भागाला लोक सरळ 'ट्यूशन एरिया' म्हणतात. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोटकडच्या कितीतरी आया शेत आणि घर मागे ठेवून इथे खोली करून राहतात. सकाळी डबा, दुपारी धुणे, संध्याकाळी मुलाचा अभ्यास. त्या खोलीत बसलेल्या आईला आणि गावात दुसरीतल्या पोराची पाटी हातात घेऊन बसलेल्या बापाला एकच प्रश्न पडतो. धाकटीला एकदा सांगितले की कळते, थोरल्याला चारदा सांगितले तरी डोक्यात जात नाही. असे का?

माझे उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे बोलणे तपासून घेणे आपल्याला सोपे जाईल. मुलामुलांत फरक असतो आणि तो मोठा असतो. पण तो फरक 'डोळ्यांनी शिकणारा', 'कानांनी शिकणारा', 'हातांनी शिकणारा' अशा तीन चिठ्ठ्यांत मावत नाही. घरी शिकवणाऱ्याने मुलाचा प्रकार शोधत बसू नये. मूल नेमके कुठे अडले आहे, ते शोधावे.

घर हीच शाळा होती तेव्हा

मराठवाड्यात घरी शिकणे नवे नाही. निजामाच्या राज्यात सरकारी शाळांतल्या वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही माध्यम उर्दूच होते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या मोजक्या संस्थांनी मराठी शिक्षणाचा दिवा लावला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिथेच शिक्षक म्हणून काम केले. या संस्था ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत, त्या मुलांची मराठी घराच्या ओसरीवर, पोथीपुढे आणि कीर्तनात टिकली. आपल्या आजोबांच्या पिढीतले अनेक जण गणित एका भाषेत आणि ओवी दुसऱ्या भाषेत शिकले. ही दुहेरी मेहनत त्यांनी केली, याची आठवण ठेवून पुढे जाऊ या, कारण भाषेचा मुद्दा मला पुन्हा घ्यायचा आहे.

याच नांदेडचे नरहर कुरुंदकर. १९३२ चा जन्म, १९८२ मध्ये अवघ्या पन्नाशीत गेले. आधी शाळेत शिक्षक होते, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. इतिहास, राजकारण, नाट्यशास्त्र, साहित्य या सर्व क्षेत्रांत ज्यांचा शब्द महाराष्ट्राने कान देऊन ऐकला, ते कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत अनेकदा नापास झाले होते. त्या काळात ते हैदराबादेत मामांकडे राहत. मामा म्हणजे मराठीचे अभ्यासक ना. गो. नांदापूरकर. त्या घरात पुस्तके होती, वाद होते, आल्यागेल्या विद्वानांची चर्चा होती, आणि एका तरुण मुलाच्या प्रश्नाला गंभीरपणे उत्तर देणारी मोठी माणसे होती.

या गोष्टीचा उपयोग परीक्षेला तुच्छ लेखण्यासाठी करू नये. कुरुंदकर पुढे परीक्षा उत्तीर्ण झाले, पदव्या मिळवल्या आणि जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले. मला त्यातून वेगळीच गोष्ट घ्यायची आहे. परीक्षेच्या कागदावर जो मुलगा थांबलेला दिसत होता, तो त्याच वेळी घरात वेगाने पुढे जात होता. कागदावरचा गुण आणि मुलाचे शिकणे यांत केवढे अंतर पडू शकते, हे त्या घरातल्या माणसांना जवळून दिसत होते. घराला मिळणारी ही जवळीक शाळेला मिळत नाही. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला उत्तर दिसते, घरी उत्तरापर्यंत जाण्याची वाट दिसू शकते. अट एकच, पाहणाऱ्याने ती पाहायची ठरवली पाहिजे.

चिठ्ठ्या कुठून आल्या

आता शास्त्राकडे वळू. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. बुद्धी एकच नसते. भाषेची, गणिताची, संगीताची, अवकाशाची, शरीराच्या हालचालीची, माणसे समजण्याची अशा अनेक बुद्धी असतात, असे त्यांचे म्हणणे. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग हे शाळा तपासनीस म्हणून शेकडो वर्ग पाहून आले होते. १९९२ मध्ये त्यांनी पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे अशी चार प्रकारांची विभागणी मांडली. दोघांचाही हेतू चांगला होता. एकाच साच्यात न बसणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणून बाजूला टाकू नका, हे त्यांना सांगायचे होते. त्या हेतूबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण ही कल्पना शिबिरांतून, जाहिरातींतून आणि मोबाइलवरून पालकांपर्यंत आली, तेव्हा तिचे रूप बदलले. 'तुमचे मूल दृश्य प्रकारचे आहे, त्याला व्हिडिओच दाखवा.' 'तुमची मुलगी श्राव्य प्रकारची आहे, तिला वाचायचा आग्रह करू नका.' काही ठिकाणी तर बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगितले जाते आणि त्याचे हजारो रुपये घेतले जातात. बोटांच्या ठशांवरून मुलाची शिकण्याची रीत कळते, याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. तो पैसा पुस्तकांना, खेळण्यांना, दुधाला लावा, असे मी इथे स्पष्ट सांगते. आणि गार्डनर यांनी स्वतः अनेकदा बजावले आहे की आपली बहुविध बुद्धिमत्ता आणि ही 'शिकण्याची शैली' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग या चिठ्ठ्या खऱ्या की खोट्या, हे तपासायचे कसे? समजा एका वर्गातली मुले 'पाहणारी' आणि 'ऐकणारी' अशी वेगळी केली. दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना एक धडा चित्रांनी शिकवला, निम्म्यांना बोलून शिकवला, आणि सर्वांची एकच चाचणी घेतली. सिद्धान्त खरा असेल तर पाहणाऱ्यांना चित्रांनी शिकवल्यावर जास्त गुण पडले पाहिजेत आणि ऐकणाऱ्यांना बोलून शिकवल्यावर. दोन्ही गोष्टी एकदम घडायला हव्यात. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की मुलाच्या शैलीला जुळवून शिकवल्याने ते जास्त शिकते, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. त्याआधी २००४ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी अशा ७१ निरनिराळ्या वर्गवाऱ्या मोजल्या होत्या. मूल एकच आणि त्याला लावायच्या चिठ्ठ्या ७१.

चिठ्ठी चुकीची असेल तर फार तर वेळ जाईल, एवढेच नुकसान आहे का? नाही. 'तू ऐकून शिकणारा आहेस' असे दहा वर्षांच्या मुलाला घरातल्यांनी दहा वेळा सांगितले की ते पुस्तक उघडणे सोडते. वाचायला जड जाते म्हणून जास्त आणि सोपे वाचायची त्याला गरज असते. आपण त्याला वाचनातून सुटका देतो. आवड ही एक गोष्ट आणि क्षमता ही दुसरी. मुलाला चित्रे पाहणे आवडते, म्हणजे ते चित्रांनीच शिकते असे होत नाही.

पंडिता रमाबाई आणि आईची पहाट

मराठी इतिहासातले एक उदाहरण घेते. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हे धाडस होते. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला शिकवले. कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर फिरत होते. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून आई पहाटे मुलीला जागे करून श्लोक म्हणून घेई. रमाबाईंच्या तोंडी भागवताचे हजारो श्लोक होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले.

आजची प्रश्नावली रमाबाईंपुढे ठेवली असती तर 'श्राव्य प्रकार' अशी चिठ्ठी आली असती. पण त्यांनी पुढे किती भाषा आत्मसात केल्या, किती पुस्तके लिहिली, बायबलचे मराठी भाषांतर केले, मुक्ती मिशनची शेती आणि छापखाना उभा केला. कान, डोळे, हात, सगळे वापरले. पहाटे कान वापरला गेला याची कारणे निराळी होती. श्लोक हा विषयच आवाजाचा आहे, तो म्हटल्याशिवाय बसत नाही. आणि आईजवळ तेवढाच वेळ होता. म्हणजे शिकवायची पद्धत ठरली ती विषयावरून आणि घरच्या परिस्थितीवरून.

यातून मी पहिले सूत्र काढते. कोणत्या इंद्रियाने शिकवायचे हे विषयाला विचारा. नकाशा डोळ्यांनी शिकायचा, मग मूल कोणतेही असो. कविता कानांनी आणि तोंडाने शिकायची. अपूर्णांक हातांनी सुरू करायचे. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी सांगितले की नवीन गोष्ट आधी कृतीत, मग चित्रात, मग चिन्हात उतरते. हा क्रम सर्व मुलांचा आहे. फरक इतकाच की एक मूल पहिली पायरी दोन दिवसांत ओलांडते आणि दुसऱ्याला दोन आठवडे लागतात. आपण दुसऱ्याला पहिल्या पायरीवर उभे असतानाच तिसरीवरचे प्रश्न विचारतो आणि मग त्याच्या बुद्धीला नावे ठेवतो.

खरे फरक कोणते

मुलामुलांतला पहिला मोठा फरक आधीच्या ज्ञानाचा असतो. पाचवीत बसलेले मूल पाचवीचे असतेच असे नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीत एक साधी पद्धत वापरतात. स्वयंसेवक घरी जातो आणि मुलापुढे एक कागद ठेवतो. त्यावर अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट असते. मूल जिथपर्यंत सहज वाचते, तिथे त्याची पातळी. पाच-दहा मिनिटांचे काम. तुम्ही आज घरी जाऊन हेच करू शकता. दुसरीच्या बालभारतीतला एक परिच्छेद मुलाला मोठ्याने वाचायला द्या. चौथीतला मुलगा तिथे अडखळत असेल तर त्याचा परिसर अभ्यासही अडला आहे. त्याला वेगळ्या शैलीची गरज नाही, रोज अर्धा तास दुसरीच्या पातळीचे वाचन हवे.

दुसरा फरक घरच्या भाषेचा. आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडे कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड. किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. मुखेडपासून माहूरपर्यंत तांड्यांवर गोरमाटी. शहरांत दखनी उर्दू, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवती पंजाबी. आणि मराठी घरांतली मराठीसुद्धा पुस्तकातल्या मराठीपेक्षा निराळी. तांड्यावरचे मूल पहिलीत गप्प बसते, तेव्हा आपण त्याला 'मंद' किंवा 'लाजाळू' म्हणतो. ते मूल एकाच वेळी दोन गोष्टी शिकत असते, धडा आणि धड्याची भाषा.

याचे एक नेमके उदाहरण अंकांचे आहे. मराठीत आपण २५ ला पंचवीस म्हणतो. पाच आधी, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. म्हणून पहिली-दुसरीतली शेकडो मुले त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात. तेलुगूत आणि कन्नडमध्ये मात्र आधी वीस येतात आणि मग पाच. जसे बोलायचे तसेच लिहायचे. आता धर्माबादच्या तेलुगू घरातले मूल मराठी शाळेत येते, तेव्हा त्याला अंक नव्याने आणि उलट्या क्रमाने ऐकावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी पर्यायी रीत आणली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावून सांगितले की जोडाक्षरांनी भरलेली ही संख्यानावे लहान मुलांना जड जातात, म्हणून हा सोपा मार्ग. त्या वादात आपण कोणत्याही बाजूचे असू, घरी एवढे लक्षात ठेवावे: ३६ लिहिणारे मूल निष्काळजी नाही. त्याने ऐकलेला क्रम प्रामाणिकपणे कागदावर उतरवला आहे. त्याला आधी 'साठ आणि तीन' म्हणू द्या, लिहू द्या, मग त्रेसष्ट म्हणायला शिकवा. आणि घरात जी भाषा बोलता, त्याच भाषेत समजावा. आईच्या भाषेत कळलेले गणित मराठीत आणायला वेळ लागत नाही. न कळलेले गणित कोणत्याच भाषेत आणता येत नाही.

तिसरा फरक गतीचा आणि लक्ष टिकण्याचा. एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवता येतात, हे प्रत्येकात कमीअधिक असते. 'दप्तर आण, गणिताची वही काढ, कालचे तिसरे उदाहरण पाहा' या तीन सूचना एका दमात दिल्या की काही मुले दुसरीवरच थांबतात. त्यांना एकेक सूचना द्यावी. एवढ्या बदलाने ती शहाणी दिसू लागतात, कारण ती आधीपासून शहाणीच असतात.

चौथा फरक खऱ्या अडचणीचा. काही मुलांना अक्षरे आणि त्यांचे आवाज जोडणे फार कठीण जाते. काना-मात्रा गळतात, जोडाक्षरे फुटतात, आज वाचलेला शब्द उद्या अनोळखी होतो. तोंडी विचारले तर मूल चलाख असते. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा स्पष्ट समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. तपासणीची पहिली पायरी आणखी सोपी आहे: मुलाची नजर आणि श्रवण. फळा दिसत नसलेले मूल वर्षभर 'लक्ष नसलेले' म्हणून मार खाते, हे आपल्या वर्गांत अजूनही घडते. शंका आली तर वर्गशिक्षकांना सांगा, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, जिल्हा रुग्णालयात जा. याची लाज बाळगू नका, उशीर करू नका.

आणि पाचवा फरक भीतीचा. ज्या घरात चूक झाली की हात उठतो, त्या घरातले मूल चूक लपवायला शिकते. लपवलेली चूक दुरुस्त होत नाही. बाकी चारही फरक त्यामुळे आपल्या डोळ्यांआड जातात.

चुकीचा माग

मग घरी अडलेली जागा शोधायची कशी? चुकीवरून. एक वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. मुलाने उत्तर लिहिले ३५. आपण म्हणतो, 'चूक, परत कर.' ते परत करते आणि परत ३५ लिहिते. आता त्याला प्रेमाने विचारा, 'कसे केलेस, मला सांग.' ते सांगेल: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम त्याने स्वतः तयार केला आहे आणि तो इमानेइतबारे पाळला आहे. त्याला वजाबाकी येते. त्याला दशक सोडवून दहा एकक करणे माहीत नाही. आता दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवा आणि सत्तावीस काड्या मागा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय त्याचे चालणारच नाही. त्याच्याच हातांनी तो गठ्ठा सुटू द्या. मग गठ्ठ्यांचे चित्र काढू द्या. मग अंक लिहू द्या. हात, डोळा, चिन्ह, तिन्ही आले, आणि ते आले अडलेली जागा सापडल्यावर.

आपल्या घरांत गणिताचे साहित्य कमी नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दहा गुंठे पाव एकर. अपूर्णांकांची यापेक्षा चांगली सुरुवात शेतकऱ्याच्या मुलाला मिळणार नाही. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातल्यावर आडतीवरून हिशेबपट्टी येते. क्विंटल आणि किलो, भाव, हमाली, तोलाई, वजा जाता हाती आलेली रक्कम. गुणाकार, दशांश, वजाबाकी, सारे एका कागदावर. सातवीतल्या मुलीला ती पट्टी तपासायला द्या. बाप तिच्या हिशेबावर विश्वास ठेवतो, ही गोष्ट तिला कोणत्याही बक्षिसापेक्षा जास्त शिकवील.

आणि ज्या आईला वाचता येत नाही, तिने काय करावे? तिने विचारावे: 'आज काय शिकलास, मला समजेल असे सांग.' पुस्तक मिटून, आठवून, स्वतःच्या शब्दांत सांगणे ही शिकण्याची अतिशय प्रभावी रीत आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी प्रयोग करून दाखवले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून सांगणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्यानंतर जास्त राहतो. सांगता सांगता मूल जिथे अडखळेल, तिथे आई म्हणेल, 'हे मला नाही कळले.' तीच अडलेली जागा. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींना विचारायचा प्रश्न तयार झाला. निरक्षर आई हे काम उत्तम करू शकते, कारण तिचे 'नाही कळले' खरे असते.

लातूर पॅटर्नमधून काय घ्यावे

लातूरमध्ये राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे प्राचार्य असताना ज्या कामाचा पाया घातला गेला, त्याला पुढे महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणू लागला. तेच वाघमारे सर १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मागास म्हटल्या जाणाऱ्या भागातल्या शेतकऱ्यांची मुले गुणवत्ता यादीत आली, डॉक्टर-इंजिनिअर झाली. हा मराठवाड्याच्या आत्मविश्वासाचा इतिहास आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या पॅटर्नचा गाभा होता जादा तास, वारंवार चाचण्या, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात आणि त्याच्या चुकीवर शिक्षकाने त्याच्याशी बोलणे. आठवून लिहिणे आणि चूक कळणे. आजचे संशोधन ज्याला पाठिंबा देते, ते लातूरच्या शिक्षकांनी स्वतःच्या कष्टांतून शोधले होते. घरांनी यातून चुकीवर बोलणे उचलायला हवे होते. आपण उचलले वेळापत्रक. पहाटे पाचचा गजर, चार शिकवण्या, रविवारी चाचणी, आणि तेही चौथीतल्या मुलासाठी. चाचणी झाली की गुण पाहतो, शेजारच्याशी ताडून पाहतो आणि कागद बाजूला ठेवतो. चुकलेले प्रश्न तिथेच राहतात. चाचणीतले सर्वांत मोलाचे ते चुकलेले प्रश्न असतात. वीसपैकी अकरा मिळाले तर नऊ जागा सापडल्या. त्या नऊ जागांवर आठवडाभर बसणे, हाच घरचा अभ्यास.

घरानेच शिकवायची वेळ मध्यंतरी सर्वांवर आली. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे सरकारी अभियान निघाले. त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली आणि घरातल्या व परिसरातल्या वस्तूंमधून मुले कशी शिकतात, हे लाखो पालकांनी प्रथमच पाहिले. मोबाइल नसलेल्या घरांचे त्या काळात फार मोठे नुकसान झाले, हेही खरे. पण अनेक आई-वडिलांना पहिल्यांदाच कळले की आपले मूल कुठे आहे. शाळा उघडल्यावर २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' उपक्रमातून गावोगावी माता-पालक गट उभे राहिले. पाच-सहा आया एकत्र बसतात, मुलांकडून छोट्या कृती करून घेतात. मला हे काम फार महत्त्वाचे वाटते. एकटी आई आपल्या मुलाची तुलना करते आणि घाबरते. पाच आया एकत्र बसल्या की त्यांना दिसते, प्रत्येकीचे मूल कुठेतरी अडले आहे आणि प्रत्येकाची जागा निराळी आहे. निराळेपण समजून घेण्याची सुरुवात तिथे होते.

आजपासून काय करावे

माझ्या बोलण्याचा उपयोग व्हायचा असेल तर तो तीन ठिकाणी व्हावा.

घरी: रोज अर्धा तास, दूरदर्शन आणि मोबाइल बंद करून, मुलाजवळ बसा. पहिली दहा मिनिटे त्याला सांगू द्या, तुम्ही ऐका. पुढची पंधरा मिनिटे एकाच अडलेल्या जागेवर काम करा. शेवटची पाच मिनिटे त्याला हवे ते वाचा किंवा वाचून दाखवा. एक वही करा, तीत गुण लिहू नका. आज कुठे अडले आणि काय केल्यावर सुटले, एवढे लिहा. महिनाभराने ती वही उघडा. आपल्या मुलाची शिकण्याची रीत कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा त्या वहीत जास्त खरी दिसेल. आणि भावंडांची तुलना त्यांच्या देखत कधीही करू नका.

शाळेत: पालकसभेत 'माझ्या मुलाचा नंबर कितवा' हा प्रश्न विचारणे सोडू या. 'ते कुठे अडते आणि घरी मी काय करू' हे विचारू या. आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला उत्तर देता येईल इतके प्रत्येक मूल आपल्याला माहीत असले पाहिजे. तुमच्यावर जनगणनेपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत कामांचे ओझे आहे, हे मी जाणते. ते ओझे कमी व्हावे यासाठी पालकांनी तुमच्या बाजूने बोलले पाहिजे, असेही मी या व्यासपीठावरून म्हणते.

गावात: ग्रामपंचायतीने, वाचनालयाने, महिला बचत गटाने संध्याकाळी एक उजेडाची खोली मुलांना द्यावी. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुले आजीजवळ राहतात. त्यांच्या घरी शिकवणारे कोणी नसते. त्या मुलांसाठी गावच घर झाले पाहिजे. बारावी झालेली मुलगी, निवृत्त गुरुजी, अंगणवाडीताई, ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे बसावे.

प्रत्येक मूल वेगळे आहे, हे वाक्य आपण सभांतून पुष्कळ ऐकतो. ते वाक्य खरे करायला वेळ द्यावा लागतो, मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे लागते आणि त्याच्या चुकीमागचा विचार शोधावा लागतो. ते काम पैशांनी विकत मिळत नाही आणि त्याला पदवीही लागत नाही. म्हणून ते नांदेडच्या बंगल्यात जितके होऊ शकते, तितकेच लोहा तालुक्यातल्या पत्र्याच्या घरात होऊ शकते. मराठवाड्याच्या मुलांनी कष्टाला कधी नाही म्हटले नाही. आता त्यांचे कष्ट योग्य जागी लागतील, एवढी काळजी आपण मोठ्यांनी घ्यायची आहे.